चारशे पन्नास नंबरची पेटी

पट्टीसाहेबांनी फाटकाजवळ टपालपेटी बसवायचं ठरवलं ते एका निमंत्रणपत्रिकेमुळे. त्यांच्या ऑफिसातले एक जुने सहकारी निवृत्त होणार होते, त्यांच्या निरोप समारंभाची पत्रिका टपालाने आली. पोस्टमनने ती नेहमीसारखी फाटकाच्या गजांत खोचली, वाऱ्याने ती उडवली आणि तीन आठवड्यांनी ती गुलाबाच्या कुंडीमागे सापडली. तोवर समारंभ होऊन गेला होता. सहकाऱ्यांनी बाजारात पट्टीसाहेबांना पाहिलं आणि रस्ता ओलांडला.

"आता पेटीच करून घेतो," पट्टीसाहेब म्हणाले.

"करून कशाला घ्यायची?" त्यांची बायको म्हणाली. "भांड्यांच्या दुकानात तयार मिळतात. निळ्या पण आहेत आणि हिरव्या पण."

पट्टीसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या गवयाला कुणी रेडिओ लावून घ्यायला सांगितलं असावं.

पट्टीसाहेब पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं आरेखक होते. टाक्या, विहिरी, पंपघरं, सगळ्यांचे नकाशे त्यांच्या हातचे. शर्टाच्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी असायची, म्हणून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतर पट्टीसारखंच त्यांच्याबरोबर घरी आलं. पण एकतीस वर्षांत एकाही नकाशाखाली त्यांची सही नव्हती. सही नेहमी वरच्या साहेबांची. पट्टीसाहेबांच्या वाट्याला कोपऱ्यातल्या 'आरेखन' या शब्दापुढची दोन आद्याक्षरं, तीही भिंगातून दिसतील एवढी. तेव्हा टपालपेटी हे त्यांचं पहिलं स्वतंत्र काम होतं, आणि ते भांड्यांच्या दुकानात उरकण्यासारखं नव्हतं.

नकाशाला आठ दिवस लागले. जेवणाच्या टेबलावर चार मोठे कागद पसरले होते आणि घरातली माणसं, म्हणजे नवराबायको, ओट्यापाशी उभ्याने जेवत होती. पेटी कंपाउंडच्या भिंतीत बसणार होती. पत्र रस्त्याच्या बाजूने आत पडायचं आणि अंगणाच्या बाजूने, कुलूप उघडून, बाहेर काढायचं. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर उतरतं झाकण, आणि पत्र टाकायच्या फटीवर एक झडप. उंची साडेचारशे मिलिमीटर, रुंदी तीनशे. उंची त्यांनी समोरच्या बाजूच्या चित्रात लिहिली आणि रुंदी वरून दिसणाऱ्या चित्रात. एकच माप दोनदा लिहिण्याला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. शेवटी उजव्या कोपऱ्यात त्यांनी पूर्ण, लफ्फेदार सही केली, आणि बायकोला हाक मारून ती दाखवली.

"छान आहे," ती म्हणाली. "आता टेबल पुसू का?"

इथवर सगळं ठीक होतं. पुढे शेजारचे वकील आले.

वकील बरीच वर्षं कोर्टात गेलेले नव्हते, पण सल्ला द्यायचं त्यांनी थांबवलं नव्हतं. त्यांनी नकाशा उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि विचारलं, "भिंतीला भोक पाडणार?"

"पाडावंच लागेल."

"म्हणजे बांधकामात बदल. परवानगी घेतलीत?"

"अहो, एवढ्याशा भोकाला कसली परवानगी?"

"भोक किती मोठं हा प्रश्नच नाही," वकील म्हणाले. "भोक आहे की नाही, हा प्रश्न आहे."

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिलं असतं. या गल्लीत लोकांनी परवानगीशिवाय गच्चीवर खोल्या चढवल्या होत्या आणि त्यांना कुणी हटकलं नव्हतं. पण पट्टीसाहेबांची हयात सरकारी कागदात गेली होती. कागद म्हटला की त्यांना बरं वाटायचं. त्यांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला, सोबत नकाशा जोडला आणि पालिकेच्या कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिले.

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. "टपालपेटी? तसा रकाना नाही माझ्याकडे."

"मग इतर बांधकामात घ्या."

"इतरमध्ये घेतलं तर ते वर जातं. वर गेलेलं खाली येत नाही." कारकुनाला पट्टीसाहेबांविषयी मनापासून आपुलकी वाटली असावी, कारण त्याने आवाज खाली आणला. "काका, मी काय करतो, 'खिडकी'मध्ये टाकतो. खिडकी लवकर होते."

अशा रीतीने टपालपेटी कचेरीत खिडकी म्हणून दाखल झाली. पट्टीसाहेबांना ते पटलं नव्हतं, पण रांगेतला मागचा माणूस खाकरायला लागला होता.

पेटी बनवायचं काम त्यांनी बसस्टॉपमागच्या, लोखंडकाम करणाऱ्या एका फॅब्रिकेटरला दिलं. हा मिस्त्री गरीब स्वभावाचा आणि कामाचा पक्का. त्याच्याकडे गिऱ्हाइकं यायची ती हाताने 'एवढं' आणि 'तेवढं' दाखवायची. असा शाईने काढलेला नकाशा त्याच्या दुकानात पहिल्यांदाच येत होता. त्याने हात धुतले, पुसले, मग कागद हातात घेतला.

"साहेब, जसंच्या तसं करून देतो. एक रेघ इकडची तिकडे होणार नाही."

"मला तेच हवंय," पट्टीसाहेब म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना बऱ्याचदा आठवलं.

पंधरा दिवसांनी मिस्त्री स्वतः पेटी घेऊन आला. जुन्या चादरीत गुंडाळलेली पेटी त्याने अंगणात ठेवली आणि चादर ओढली. पेटी अप्रतिम होती. कोपरे काटकोनात, झडप हलकी, रंग भट्टीत भाजलेला, गडद तपकिरी. आणि समोरच्या बाजूला, डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत एक लोखंडी तार डकवलेली होती. तारेच्या दोन्ही टोकांना सुबक बाण होते, आणि मधोमध, बोटभर जाडीच्या ठसठशीत आकड्यांत, लिहिलं होतं: ४५०.

पट्टीसाहेब बघतच राहिले. नकाशात माप दाखवायला रेघ मारतात, तिच्या टोकांना बाण काढतात आणि मध्ये आकडा लिहितात, हे आरेखकाला शाळकरी मुलाच्या बाराखडीसारखं असतं. ते कुणी लोखंडात घडवील अशी शंका त्यांना एकतीस वर्षांत आली नव्हती. त्यांनी वरून डोकावून पाहिलं. झाकणावर, दोन बाणांच्या मध्ये, ३०० होते. ते निदान कावळ्यांनाच दिसणार होते.

"बाणांनी मात्र घाम काढला, साहेब," मिस्त्री म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की बघणाऱ्याला ओशाळं वाटावं. "चार दिवस त्यातच गेले. एवढं बारीक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. तुमची सही पण काढणार होतो, पण तसली तार संपली."

पट्टीसाहेबांनी तोंड उघडलं. मिस्त्रीने बोटाने बाणावरची धूळ पुसली. पट्टीसाहेबांनी तोंड मिटलं.

"सुंदर," ते म्हणाले.

मिस्त्री गेल्यावर बायको म्हणाली, "नकाशा तुम्ही काढलात, नाही का?" आणि ती आत गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती याहून कडू कधी बोलली नव्हती.

अर्जाची पोच हातात होती, तेवढ्यावर पेटी भिंतीत बसली. पहिले आठ दिवस तीत काहीच पडलं नाही. पट्टीसाहेब सकाळ-दुपार कुलूप उघडून आत हात फिरवायचे. नवव्या दिवशी पेटीत चार पाकिटं सापडली आणि ते अंगणातूनच ओरडले, "अगं, आली!" पण चष्मा लावून पाहिलं, तर चारही पाकिटांवर घर क्रमांक ४५० होता.

पट्टीसाहेबांचं घर सतरा नंबरचं, पण तो आकडा बाहेर कुठेच लिहिलेला नव्हता. चारशे पन्नास म्हणजे हाच रस्ता पुढे वळून मागे जातो तिथलं, लाकडाच्या वखारीआडचं घर. जुना पोस्टमन निवृत्त झाला होता आणि नवा महिनाभर ते घर शोधत होता, कारण त्या घरावर नंबरच नव्हता. मग एके दिवशी या गल्लीतून जाताना त्याला एका भिंतीवर लोखंडात घडवलेला, दोन बाणांनी दाखवलेला ४५० दिसला. त्याला केवढं हायसं वाटलं असेल!

पट्टीसाहेबांनी त्याला गाठून सांगितलं. तो म्हणाला, "काका, पण लिहिलंय ना स्वच्छ."

"ती उंची आहे."

"कुणाची?"

"पेटीची!"

पोस्टमनने पेटीकडे आणि मग पट्टीसाहेबांकडे पाहिलं. "पेटीची उंची भिंतीवर कोण लिहितं?" तो म्हणाला, आणि सायकलवर बसून निघून गेला. त्यानंतर त्याने लक्षात ठेवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण चाळीस गल्ल्या फिरणाऱ्या माणसाला आकडा दिसला की त्याचा हात आपोआप वळतो. दिवसाआड काहीतरी पडायचंच.

मग पट्टीसाहेब ते टपाल घेऊन स्वतः वखारीपर्यंत जायला लागले. त्या घरात एक सासूबाई आणि त्यांची सून राहायच्या. मुलगा नोकरीनिमित्त दूरगावी. दार नेहमी सासूबाई उघडायच्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आमचं टपाल तुमच्याकडे कसं?"

पट्टीसाहेबांनी मापाची रेघ, बाण, मिस्त्री असं सगळं सांगितलं. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पाकीट उजेडाकडे धरून ते फोडलेलं आहे का ते पाहिलं. मागून सून म्हणाली, "आई, ते आणून देतायत ना!" तिने पट्टीसाहेबांना पाणी आणून दिलं. सासूबाईंनी दिलं नसतं.

"पेन्शनही घ्यायची आणि नोकरीही करायची," बायको म्हणाली. "पिशवी शिवून देऊ का खाकी?"

"आकडे काढून टाकायला सांगतो मिस्त्रीला," पट्टीसाहेब म्हणाले. हे ते रोज म्हणायचे. दोनदा बसस्टॉपपर्यंत गेलेही. पहिल्यांदा मिस्त्रीने त्यांना खुर्ची दिली, आणि एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "हे ते बाणवाले साहेब." दुसऱ्यांदा दुकानाच्या भिंतीवर, फ्रेममध्ये, त्यांचा नकाशा लावलेला दिसला. पट्टीसाहेब खिडकीच्या कडीची किंमत विचारून परत आले.

एवढ्यात कचेरीतून निरीक्षक जागेची पाहणी करून गेला. पट्टीसाहेब नेमके टपाल द्यायला वखारीकडे गेले होते. निरीक्षकाने भिंत पाहिली, तिच्यावरचा नंबर टिपून घेतला आणि अहवाल दिला: 'जागेवर घर क्र. ४५० आढळले. घर क्र. १७ आढळले नाही. खिडकी आढळली, तीस काच, गज अथवा दार नाही.' आठवडाभरात घर क्रमांक ४५० ला नोटीस निघाली की रस्त्याकडे उघडणारी विनापरवाना खिडकी का पाडू नये याचा खुलासा करावा. आणि हा एकच कागद असा होता की जो पोस्टाने न येता शिपायाहाती गेला आणि बरोबर वखारीआडच्या घरी पोचला.

सासूबाई नोटीस घेऊन गल्लीत शिरल्या तेव्हा वकील फाटकाशीच उभे होते. त्यामुळे पुढचं सगळं साक्षीदारासमक्ष झालं.

"आमच्या घराला रस्त्याकडे खिडकीच नाही!" सासूबाई म्हणाल्या. "आणि पाडा म्हणतायत! जी नाही ती पाडायची कशी?"

"आजी, ती खिडकी माझी आहे," पट्टीसाहेब म्हणाले.

"कुठाय?"

पट्टीसाहेबांनी पेटीकडे बोट दाखवलं. सासूबाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग वकिलांना म्हणाल्या, "यांच्या घरी मोठं माणूस कुणी आहे का?"

एवढं झाल्यावर पट्टीसाहेबांनी शपथ घेतली की सोमवारी मिस्त्रीकडे जायचंच. त्याआधी दोन दिवस त्यांना मेहुणीकडे जावं लागलं. ते सोमवारी सकाळी परतले, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि सवयीने पेटी उघडली. आत एकच लांबट पाकीट होतं. सुनेच्या नावाचं. वर एका कॉलेजचा शिक्का आणि त्याखाली लाल शाईत: 'मुलाखत. सोमवार, सकाळी ११.'

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पट्टीसाहेबांनी स्कूटर काढली. पायात घरातल्या चपला, एकीचा अंगठा तुटलेला. वखारीशी पोचले तेव्हा सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने पाकीट घेतलं, वाचलं आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"प्रयोगशाळा सहायकाची जागा आहे, काका," ती म्हणाली. "मी लग्नाआधी करायचे हे काम. नऊ वर्षांनी पहिल्यांदा अर्ज केला होता. आईंनाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, बोलावलं तर सांगू."

"बोलावलंय," पट्टीसाहेब म्हणाले. "साडी बदला, प्रमाणपत्रं घ्या. पाच मिनिटं."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पट्टीसाहेबांना वाटलं, आता इथे एक तास जाणार. पण सासूबाई आत गेल्या आणि हातात एक फाइल घेऊन आल्या. "प्रमाणपत्रं माझ्या कपाटात असतात," त्या सुनेला म्हणाल्या. "झुरळं लागतात म्हणून मीच ठेवली होती. जा आता, बघत काय राहिलीस?" मग पट्टीसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "हळू चालवा. आणि वेळेत पोचवा."

हे दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पट्टीसाहेब कॉलेजच्या फाटकात अकराला दोन मिनिटं कमी असताना शिरले.

खरी अडचण तिथे पुढे होती. टेबलामागचे अधीक्षक यादीवरून बोट फिरवून म्हणाले, "तुमचं नाव कापलंय. शनिवारपर्यंत फोन करून येणार असल्याचं कळवायचं होतं. पत्रात लिहिलंय."

"पत्र मला आत्ता मिळालं, सर. अर्ध्या तासापूर्वी."

"सगळेच असं म्हणतात, बाई."

सुनेने फाइल छातीशी धरली. ती भांडणाऱ्यातली नव्हती. ती "बरं" म्हणाली आणि वळली. ते "बरं" पट्टीसाहेबांना सहन झालं नाही.

"चूक माझी आहे," ते पुढे होऊन म्हणाले.

"आपण कोण? वडील?"

"नाही. मी घर नंबर सतरा. पण माझ्या पेटीवर चारशे पन्नास लिहिलंय."

अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं. समजावून सांगायला पट्टीसाहेबांपाशी एकच भाषा होती. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, खिशातून पट्टी काढली आणि पेटीचं चित्र काढलं. डाव्या कडेला रेघ, दोन बाण, मध्ये ४५०. "हे माप. मिस्त्रीने ते लोखंडात बनवलं. त्याचा दोष नाही, मीच म्हणालो होतो जसंच्या तसं कर. ते दिसलं त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी 'सुंदर' म्हणालो. एकतीस वर्षं आरेखक होतो, नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला नकाशा नुसता देऊन आलो, हे कबूल करायची मला लाज वाटली. दोन महिने झाले, साहेब. दोन महिने या मुलीचं टपाल माझ्या पेटीत पडतंय, कारण मला एक वाक्य बोलवत नाही. शनिवारी तिचं पत्र आलं, तेव्हा मी मेहुणीकडे जेवत होतो."

खोलीत बाकी उमेदवार बसले होते. शिपाईही होता. सगळ्यांनी पट्टीसाहेबांच्या तुटक्या चपलेपर्यंत सगळं पाहून घेतलं.

अधीक्षकांनी कागद उचलला. त्यांचे खांदे हलायला लागले. "बाणसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"बाण फार सुबक आहेत," पट्टीसाहेब म्हणाले.

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले, यादीतलं कापलेलं नाव पुन्हा लिहिलं आणि शेवटचा नंबर दिला. "हा कागद मी ठेवून घेऊ का?" ते म्हणाले. पट्टीसाहेबांनी कागद परत घेतला, खाली सही केली आणि मग दिला.

त्याच दुपारी ते मिस्त्रीकडे गेले आणि खुर्चीवर न बसता एका दमात सगळं सांगून टाकलं. भिंतीवरच्या फ्रेमजवळ जाऊन मिस्त्रीने नकाशा परत निरखून पाहिला.

"म्हणजे हे माप होतं."

"हो."

"मला वाटलंच होतं, साहेब. पेटीवर चारशे पन्नास कशाला? पण म्हटलं, साहेब शिकलेले आहेत, काहीतरी असेल. विचारायला मला लाज वाटली."

मग मिस्त्रीने चहा मागवला. संध्याकाळी त्याने येऊन मशीनने तार आणि आकडे घासून काढले, वर रंगाचा हात मारला आणि पट्टीसाहेबांना समोर बसवून, विचारून विचारून, १७ लिहिले. बाण त्याने कापून खिशात टाकले. झाकणावरचे ३०० कुणालाच आठवले नाहीत. कचेरीतूनही यथावकाश घर क्रमांक १७ ला खिडकीची परवानगी आली, तिला महिन्याभरात गज बसवावेत या अटीवर. वकील म्हणाले, अपील करू. पट्टीसाहेब म्हणाले, नको.

सुनेला नोकरी लागली. हे पट्टीसाहेबांना सासूबाईंकडून कळलं. त्या मुद्दाम गल्लीत आल्या, फाटकातूनच सांगितलं, वर "तुम्ही वेळेत पोचवलंत," एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

मग एका सकाळी पट्टीसाहेब झाडांना पाणी घालत असताना पोस्टमनची सायकल फाटकापाशी थांबली. त्याच्या हातात निळं पाकीट होतं. हाताने पत्ता लिहिलेला. घर क्रमांक १७, आणि वर पट्टीसाहेबांचं पूर्ण नाव. मागे कॉलेजच्या प्रयोगशाळेचा पत्ता आणि वखारीआडच्या सुनेचं नाव. चार गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या बाईने तिकीट लावून टपालाने पत्र पाठवलं होतं.

"घ्या काका, तुमचं आहे," पोस्टमनने फाटकावरून हात पुढे केला.

पट्टीसाहेबांनी पाण्याची झारी खाली ठेवली, पण हात पुढे केला नाही.

"पेटीत टाका," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही समोर उभे आहात की!"

"मी उभा आहे ते जाऊ द्या. पेटीत टाका."

पोस्टमनने सायकल स्टँडवर लावली, भिंतीपाशी गेला आणि झडप उचलून पत्र आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा हलका आवाज अंगणात ऐकू आला. पट्टीसाहेब सायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबले. मग त्यांनी हात पुसले, बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं आणि खिशातून किल्ली काढली.